कॅबिनेटला भोक पाडावं का?

नवा कॉम्प्युटर घेताना माणूस प्रोसेसरवर दोन दिवस डोकं खाजवतो, रॅमवर एक दिवस घालवतो, हार्डडिस्क की एसएसडी यावर मित्रांशी भांडतो. शेवटी दुकानदार विचारतो, "कॅबिनेट कुठलं लावू?" तेव्हा आपण म्हणतो, "लावा कुठलंही, जरा बरं दिसणारं." इथेच घोळ होतो. कारण 'बरं दिसणारं' म्हणजे हल्ली समोर काळी काच, बाजूला काच, आत सप्तरंगी दिवे आणि हवा आत यायला कडेच्या दोन फटी. दीड-दोन हजारांचा डबा. पत्रा इतका पातळ की अंगठ्याने दाबला की आत जातो आणि सोडला की 'टप्प' करून बाहेर येतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं नसेल त्यांची सोय होईल. आपल्या हवेत असल्या स्वस्त कॅबिनेटला घरी भोक पाडणं ही हौस नाही, गरज आहे. पण ते कुठे पाडायचं आणि कुठे मुळीच पाडायचं नाही हे गाव बघून ठरवावं लागतं. आणि हे काम करायला सगळ्यांत शेवटी बोलवावा असा माणूस म्हणजे माझ्यासारखा कळफलक बडवणारा.

'मॉडिंग' हा शब्द पहिल्यांदा वाचला तो २००३-०४ च्या सुमारास. तेव्हा कॉम्प्युटरच्या मासिकांत अमेरिकेतल्या कुणा पोराने गॅरेजमध्ये बसून कॅबिनेटची बाजू कापून ॲक्रिलिकची खिडकी बसवलेली असायची, आत निळ्या रंगाची बारीक ट्यूब लावलेली असायची. आपण ते फोटो बघून उसासे टाकायचो. आता गंमत बघा. त्या पोरांनी तेव्हा दोन गोष्टी केल्या होत्या, एक खिडकी आणि दिवे, दुसरी म्हणजे पंख्यासाठी मोठी भोकं. कंपन्यांनी त्यातली पहिली उचलली, कारण ती शोकेसमध्ये दिसते. दुसरी दिसत नाही, म्हणून राहून गेली. आता खिडकी आणि दिवे फुकट मिळतात, हवा मात्र आपली आपण आणायची!

असो. तर मुद्द्यावर येऊ. मुद्दा तलासरीचा आहे.

तलासरी म्हणजे मुंबई-अहमदाबाद हायवेवरचं महाराष्ट्रातलं शेवटचं तालुक्याचं ठिकाण. पुढे अच्छाडचा नाका आणि मग गुजरात. समुद्रापासून आत असल्यामुळे डहाणूसारखा वारा नाही. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली दुपारी बसून दाखवा. धूळ तर विचारूच नका. एक तर हायवे, त्यात गेल्या काही वर्षांत बुलेट ट्रेन आणि वडोदरा-मुंबई एक्स्प्रेसवे या दोन्हींची कामं याच तालुक्यातून चालली. लाल माती आणि सिमेंट यांचं असं मिश्रण हवेत असतं की सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं.

तिथे ओळखीच्या एका मुलाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्ती, आधारशी जोडलेली सतराशे साठ कामं. जून-जुलैत ॲडमिशनच्या दिवसांत सकाळी आठपासून रांग. आणि कॉम्प्युटर दुपारी दीड-दोनला आपोआप बंद पडायचा. पुन्हा चालू केला की दहा मिनिटं, पुन्हा बंद. तुम्ही-आम्ही ऑफिसात असतो तर चहा प्यायला गेलो असतो. इथे रांगेत उभा असलेला माणूस आतल्या पाड्यावरून जीपला पैसे देऊन आलेला असतो, त्या दिवसाची मजुरी सोडून आलेला असतो, आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मची मुदत उद्या संपणार असते. मशीन बंद म्हणजे त्याची आणखी एका दिवसाची मजुरी बुडाली. कॉम्प्युटर 'हँग होतो' या तक्रारीकडे आपण इतक्या हलकेपणाने बघतो, त्यामागे कुणाची मजुरी असेल हे डोक्यात येत नाही.

मुलाने मशीन दुकानदाराकडे नेलं (कुठल्या ते राहू दे). त्याने संध्याकाळी एसीत चालू करून बघितलं, अर्थातच व्यवस्थित चाललं. मग निदान केलं की "बोर्ड वीक झालाय, बोर्ड-प्रोसेसर नवीन टाका", खर्च बावीस हजार. मुलाचा मला फोन, "दादा, टाकू का?"

मी म्हटलं, थांब. शनिवारी येतो.

२०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते हे आमच्यासारख्यांवर रेल्वेचे उपकारच आहेत. पुढे एसटीने तलासरी. सोबत फक्त फ्रिजचा तापमापक नेला होता, बारीक वायरच्या टोकाला सेन्सर असलेला, दोनशे रुपयांत मिळतो तो. दुपारी दीड वाजता दुकानात ३६ अंश. सेन्सर कॅबिनेटच्या आत सोडला, झाकण लावलं, अर्ध्या तासाने ५३. म्हणजे प्रोसेसरच्या पंख्याला थंड हवा म्हणून जी मिळत होती तीच ५३ अंशांची. बिचारा पंखा काय करणार? गरम हवा गरम पत्र्यावर मारत बसला होता. प्रोसेसर शंभरच्या आसपास गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर जीव वाचवायला वीज तोडतो. हे बिघडलेल्या बोर्डाचं लक्षण नाही, उलट शहाण्या प्रोसेसरचं आहे.

इथे एक छोटंसं गणित सांगतो, कारण ते एकदा कळलं की अर्धे वाद मिटतात. डब्यात किती वॅट जळतात त्याला १.७६ ने गुणायचं आणि दर मिनिटाला किती घनफूट हवा डब्यातून जाते त्याने भागायचं. जे उत्तर येतं तितके अंश आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम. त्या मशीनचा खर्च धरा ११० वॅट. फरक १७ अंशांचा. म्हणजे हवा जात होती जेमतेम ११ घनफूट. मागे एसएमपीएसचा पंखा होता तेवढाच काय तो ओढत होता, आणि ओढणार कुठून? समोरच्या काचेच्या दोन्ही कडांच्या फटी मोजल्या, सगळ्या मिळून २४ चौरस सेंटीमीटर. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या गोल भोकाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटरच्या वर असतं. पाव भोकातून श्वास घ्यायचा, तोही मे महिन्यात.

पण लगेच करवत हातात घेऊ नका. आधी हीटसिंकमधली धूळ काढा आणि वाळून खडू झालेली पेस्ट बदला. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. मग बाजूचं झाकण काढून अर्धा तास मशीन चालवून बघा. तापमान धाडकन उतरलं तर दोष हवेच्या वाटेत आहे, भोक पाडण्यात अर्थ आहे. नाही उतरलं तर भोक पाडून काही होणार नाही, दुसरीकडे शोधा. आमचं उतरलं. (मग झाकण काढूनच का ठेवू नये, असं विचारणाऱ्यांनी तलासरीत एक रात्र राहून बघावं. पाल एसएमपीएसच्या उबेला येऊन बसते. आणि उंदराला वायरचं प्लास्टिक कशामुळे आवडतं कोण जाणे.)

आता कापायचं कुणी? मी जालावरचे व्हिडिओ बघून तयार होतो. होल सॉ, ग्राइंडर, अशी यादी सांगायला लागलो, तेव्हा मुलाचा मोठा भाऊ शांतपणे ऐकत होता. तो रोज सकाळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून उंबरगावला एका कारखान्यात जातो, पत्र्याची पॅनेल बनवण्याच्या खात्यात. तलासरीतून अशी माणसं उंबरगाव, भिलाड, वापी, सिल्वासाला रोज जातात. त्याने कॅबिनेट उलटंपालटं करून बघितलं, समोरच्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "दादा, तुम्ही खूण केलीय ना, तिथे कापलं तर डबा वाकडा होईल. ही उठलेली रेघ दिसते ना, तिच्यावरच सगळा जोर आहे."

खरंच होतं. पातळ पत्र्याला ताठपणा त्याच्या जाडीतून मिळत नाही, त्याला पाडलेल्या घड्या आणि दाबून उठवलेल्या पट्ट्यांतून मिळतो. त्या तोडल्या की उरतं ते बिस्किटाच्या डब्याचं झाकण. त्याने भोक दोन सेंटीमीटर खाली सरकवलं. ग्राइंडर नको म्हणाला, ठिणग्यांनी रंग जळतो आणि पातळ पत्रा तापून मुरडतो. आतला एकूण एक भाग बाहेर काढला, पत्र्याला मास्किंग टेप लावली, कंपासने ११४ मिलिमीटरचं वर्तुळ काढलं, स्क्रूंच्या चार भोकांसाठी १०५ मिलिमीटरचा चौकोन. मागे लाकडाची फळी धरली आणि बारीक दातांच्या पात्याने जिगसॉ सावकाश फिरवला. मग अर्धगोल कानस. पाऊण तास नुसती कानस. कापलेल्या कडेला लगेच रेड ऑक्साइड, त्यावर दाराला लावतात तसलं रबरी बीडिंग. शेवटी प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून सगळ्या डब्यातून फिरवलं, लोखंडाचा बारीक चुरा पिशवीला चिकटला, पिशवी उलटी केली, चुरा बाहेर. हा पिशवीचा प्रकार मी कुठल्याही व्हिडिओत बघितला नव्हता.

हे एवढं सविस्तर लिहिलं त्याला कारण आहे. या भागाबद्दल लिहिताना आपण शहरातली माणसं कायम 'तिथे तंत्रज्ञान पोचवलं पाहिजे' या सुरात लिहितो. अरे, तंत्र तिथेच आहे! डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील ठरला, कारखान्यांसाठी एकूण जागेची मर्यादा ५०० एकर. त्याने चिकूच्या वाड्या वाचल्या, समुद्र वाचला, चांगलंच झालं. पण कारखान्यातलं काम करायला माणसं हद्द ओलांडून जात राहिली आणि हातात कसब घेऊन परत येत राहिली. ते कसब संध्याकाळी घरी आल्यावर कुणी विचारत नाही. गावातला कॉम्प्युटर बिघडला की तो शहरात जातो, आणि शहरातल्या वस्तूंचे पत्रे कापणारा माणूस त्याच्या शेजारच्या घरात असतो.

तर, पंखा बसवला. काचेचं तोंड काढून टाकलं, त्याच्या जागी खिडकीला लावतात ती डासांची जाळी, लाकडी पट्टीच्या चौकटीत ताणून. पंख्याने हवा आत ढकलायची, बाहेर ओढायची नाही, म्हणजे डब्यात दाब थोडा जास्त राहतो आणि बारीकसारीक फटींतून धूळ आत न येता हवाच बाहेर जाते. पुन्हा दुपारी, पुन्हा ३६ अंश. आत ४२. गणित उलटं करा, ३२ घनफूट आलं. पंख्याच्या खोक्यावर ५० लिहिलंय, पण ते मोकळ्या हवेतलं. जाळीमागे इतकंच मिळतं आणि इतकं पुरतं. त्या सीझनला मशीन एकदाही बंद पडलं नाही.

लोक विचारतात, वारली भागातलं कॅबिनेट, मग चित्र काढलं का त्यावर? गंजाडचे जिव्या सोमा म्हसे याच जिल्ह्यातले, २०११ साली पद्मश्री मिळालेले, तेव्हा प्रश्न साहजिक आहे. पण नाही. मुलाने त्यावर फॉर्मचं दरपत्रक चिकटवलंय. तारपा नाचणारी माणसं सगळीकडे असलीच पाहिजेत हा हट्ट आपला.

आता इथपर्यंत वाचून डहाणूच्या किनाऱ्यावरचा कुणी ड्रिल घेऊन उठला असेल तर खाली बसा. तुमचं गणित वेगळं आहे.

चिंचणी, वरोर, वाढवण, डहाणू खाडी या पट्ट्यात घरोघर डाय मेकिंग चालतं. दागिन्यांची नक्षी ठोकण्यासाठी पोलादाचे ठसे हाताने कोरायचे, असा हा धंदा. आमच्या नात्यातल्या एका घरी हेच काम. त्यांनी डिझाइन बघायला-साठवायला कॉम्प्युटर घेतलाय. तलासरीची हकिकत ऐकून मामा म्हणाले, "मग आपल्यालाही दोन भोकं पाड की! कानशी काय, घरात चाळीस आहेत." मी सपशेल नकार दिला.

कारण तिथला शत्रू उष्णता नाही, मीठ आहे. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते धुळीबरोबर बोर्डावर बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतं आणि त्याचा खारट ओलावा बनतो. त्यात वीज. पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता ७५ च्या खाली येते कधी? रॅम काढून खोडरबरने घासायचा, पुन्हा लावायचा, मशीन चालू, हा जो आपल्याकडचा घरगुती उपाय आहे तो या प्रकारासाठीच आहे. तुम्ही जितकी जास्त हवा आत घ्याल तितकं जास्त मीठ आत घ्याल. वर कापलेल्या कडेवरचा जस्ताचा थर गेलेला, म्हणजे गंजाला आमंत्रण.

आणि इथे उष्णता चक्क मित्र आहे. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, आणि तीच हवा डब्यात ३६ अंश झाली, तर तिची आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास उतरते. पाणी तेवढंच, पण हवा गरम झाली की तिची पाणी धरायची ताकद वाढते. म्हणजे चालू असलेला कॉम्प्युटर आतून कोरडा असतो आणि बंद ठेवलेला ओला. पावसाळ्यात 'वापर नाही म्हणून झाकून ठेवलाय' असं किनाऱ्यावरचे लोक सांगतात तेव्हा मला कसंतरी होतं. रोज तासभर चालू ठेवा. मामांच्या मशीनला आम्ही भोकं पाडली नाहीत, उलट मागच्या रिकाम्या स्लॉटच्या फटी पट्ट्या लावून बुजवल्या, असलेल्या जागेतच एक हळू फिरणारा पंखा लावला, पुढे दुहेरी जाळी, आणि डबा जमिनीवरून उचलून खिडकीपासून लांब ठेवला. मामा थोडे नाराज झाले. भोक पाडायचं सुख मिळालं नाही.

एकाच जिल्ह्यात, एसटीने तासाभराच्या रस्त्यावर, एकाच बनावटीच्या डब्याला दोन उलटे उपाय. हे जालावरच्या 'बजेट केस मॉड'च्या व्हिडिओत येत नाही, कारण तो बनवणाऱ्याच्या खोलीत एसी असतो आणि बाहेर बर्फ.

विजेबद्दल दोन शब्द, आणि हे गंमतीत घेऊ नका. एसएमपीएस उघडू नका. आतला कपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहतो. दुसरं, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो 'थोडा करंट' नाही, घराला अर्थिंग नाही याचा पुरावा आहे. एसएमपीएसच्या आतले फिल्टरचे कपॅसिटर पत्र्यावर जवळजवळ निम्मा व्होल्टेज आणून ठेवतात, अर्थिंग असेल तर ते जमिनीत जातं. तलासरीच्या दुकानात तीन पिनांचं सॉकेट होतं, तिसऱ्या पिनेला मागे वायरच नव्हती. पंख्याच्या आधी ते काम केलं.

आणि भूकंप. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात धक्क्यांची जी मालिका सुरू झाली ती डहाणू-तलासरीतल्या लोकांना सांगायला नको, त्या थंडीत लोक घराबाहेर तंबूत झोपले होते. टेबलाच्या कडेवर उभा केलेला, काचेच्या बाजूचा टॉवर ही या भागासाठी मूर्खपणाची वस्तू आहे. दुकानातला आता खाली, भिंतीशी, नायलॉनच्या पट्टीने बांधलेला आहे.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, लॅपटॉप घ्या. विद्यार्थ्याने जरूर घ्यावा, वीज गेली तरी चालतो. पण दुकानात प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र लावून दिवसभर राबणाऱ्या मशीनचा कुठलाही भाग दुपारी बिघडला तर संध्याकाळपर्यंत बदलता आला पाहिजे, आणि ते डेस्कटॉपमध्येच होतं. दुसरा आक्षेप, वॉरंटी जाते. कॅबिनेटची वॉरंटी! पत्र्याच्या डब्याची वॉरंटी वापरलेला माणूस मी अजून बघायचा आहे. बोर्ड आणि प्रोसेसर बाहेर काढून कापलंत तर त्यांच्या वॉरंटीला धक्का लागत नाही. हां, आयतं मशीन सीलबंद घेतलं असेल तर मुदत संपेपर्यंत थांबा. आणि नवीनच घेत असाल तर पाचशे-सातशे रुपये जास्त टाकून समोर जाळी असलेलं कॅबिनेट मागवा, कापाकापी करूच नका. तालुक्याच्या दुकानात ते ठेवत नाहीत, कारण जाळीतून दिवे नीट दिसत नाहीत.

खर्च विचाराल तर तलासरीचं काम पंखा ३५०, जाळी ४०, बीडिंग ३०, रेड ऑक्साइडचा लहान डबा ९०, असं ५१० रुपयांत झालं. जिगसॉ भावाने मित्राकडून आणला होता. अर्थिंगचा खड्डा आणि वायर यांचे वेगळे. जाळी दर रविवारी नळाखाली धुवायची आणि पूर्ण वाळल्यावरच लावायची. मुलाने त्यासाठी दोन चौकटी करून घेतल्या आहेत, एक वाळत असते तेव्हा दुसरी लावलेली असते.